खाडीपलीकडचे चित्रकार

मुलांनो, एक गंमत करू या. हा अंक क्षणभर बाजूला ठेवा, एक कोरा कागद घ्या आणि पाच मिनिटांत त्यावर निसर्गचित्र काढा.

काढलंत? आता तुमचा कागद न बघता मी सांगते त्यावर काय आहे ते. दोन डोंगर. दोन डोंगरांच्या बरोबर मधोमध अर्धा उगवलेला सूर्य. तिथूनच निघालेली एक नदी, खाली येता येता रुंद झालेली. नदीच्या काठी एक कौलारू झोपडी, झोपडीला बिलगून नारळाचं झाड. आणि आकाशात, इंग्रजी एम अक्षर लोळवून ठेवावं तसे चार-पाच पक्षी! बरोबर ना? मी काही ज्योतिषी नाही. मी प्राथमिक शाळेतली बाई आहे आणि गेली कित्येक वर्षं हेच चित्र तपासते आहे. खरं सांगायचं तर माझ्या लहानपणी मीही हेच काढत होते.

मी शिकवते कशेलीला. ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने भिवंडीकडे निघालं की बाळकुमनंतर खाडीवरचा पूल लागतो. पूल उतरलं की आलीच कशेली. उल्हास नदी इथे खाडी होऊन वाहते. भरतीच्या वेळी पाणी उलटं वर चढतं, ओहोटीला दोन्ही काठांचा चिखल उघडा पडतो आणि त्यावर बगळे येऊन बसतात. गाव मूळचं आगरी-कोळ्यांचं. भातशेती आणि मासेमारी हेच पूर्वीचे उद्योग. पण आता तुम्ही आलात तर पहिल्यांदा दिसतील ती गोदामं! रस्त्याच्या दोन्ही अंगांना पत्र्याची लांबच लांब गोदामं आणि त्यांच्या दारात रांगेने उभे असलेले कंटेनर.

ही गोदामं इथे का आली, ठाऊक आहे? पूर्वी मोठ्या शहरांत बाहेरून येणाऱ्या मालावर कर घेत. त्याला म्हणत जकात. मुंबईत ती २०१७ सालापर्यंत होती. मग व्यापाऱ्यांनी हिशेब केला, की माल शहराच्या हद्दीबाहेर साठवावा आणि लागेल तेवढाच आत न्यावा. भिवंडी तालुक्यातली आमची गावं मुंबई-ठाण्याला अगदी खेटून आणि तरीही महापालिकेच्या हद्दीबाहेर. झालं, भातखाचरांवर भराव पडले आणि पत्रे उभे राहिले. तुमच्या घरातलं टीव्हीचं खोकं किंवा पंखा कधी काळी आमच्या गावावरून गेला असेल, सांगता येत नाही!

तर मूळ गोष्टीकडे येते. २०१९ सालची गोष्ट. पहिल्या सत्रात मी पाचवीच्या वर्गाला चित्रकलेच्या तासाला सांगितलं, निसर्गचित्र काढा. चौतीस मुलं. तेहतीस जणांनी दोन डोंगर आणि मधला सूर्य इमानदारीने काढला. उरलेल्या एकाने मात्र काढला होता रस्ता. रस्त्यावर एकामागे एक तीन कंटेनर, मेट्रोच्या कामासाठी लावलेले पत्रे, चहाची टपरी, टपरीच्या फळकुटावर बसलेली दोन माणसं आणि मागे, अगदी लहानशी, खाडीची एक निळी रेघ. सगळ्यांत पुढच्या कंटेनरच्या पाठीवर त्याने गाडीचा नंबरसुद्धा घातला होता, मराठी आकड्यांत.

मी विचारलं, "हे काय काढलंस? मी निसर्गचित्र सांगितलं होतं ना?"

तो म्हणाला, "बाई, खिडकीतनं दिसतं ते काढलं."

आता तुम्ही म्हणाल, बाईंनी शाबासकी दिली असेल. नाही हो. मी त्याला 'क' श्रेणी दिली. चित्रात आकडे कशाला, म्हणून त्या नंबराखाली एक लाल रेघही ओढली. तो काही बोलला नाही. शेवटून दुसऱ्या बाकावर बसणारा, फार न बोलणारा मुलगा. वडील मराठवाड्यातले, कंटेनर चालवत. आई गोदामात खोकी बांधायच्या कामाला जाई.

डिसेंबरात वर्तमानपत्र चाळताना एका बातमीवर माझी नजर अडकली. मुंबईत सुधीर पटवर्धन या चित्रकारांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. ३० नोव्हेंबर २०१९ला सुरू झालेलं ते प्रदर्शन पुढे फेब्रुवारीपर्यंत चाललं. बातमीत लिहिलं होतं, की हे चित्रकार ठाण्याचे, आणि मूळचे डॉक्टर! बातमीबरोबर एक चित्र छापलं होतं. त्यात दोन डोंगरही नव्हते आणि मधला सूर्यही नव्हता. इमारती होत्या, रस्ता होता, आपापल्या कामाला निघालेली साधी माणसं होती. मी ते चित्र किती तरी वेळ बघत राहिले. कपाटातल्या त्या 'क'ची मला आठवण झाली, हे सांगायला नकोच.

मग मी ठरवलं, की मुलांना घेऊन जायचं. शाळेची सहल म्हणून नाही, तर रविवारी, पालकांना विचारून, ज्यांना यायचंय त्यांनी. पण पालकांना पटवणं हे काही सोपं काम नव्हतं. "चित्रं बघायला मुंबईला? बाई, त्यापेक्षा राणीची बाग दाखवा, पोरं वाघ तरी बघतील," असं एका वडिलांनी स्पष्टच सांगितलं. शेवटी अकरा मुलं तयार झाली. बरोबर आमच्या शाळेतल्या एक बाई, दोन आया आणि एका मुलीची आजी. ही आजी आयुष्यभर टोपली डोक्यावर घेऊन ठाण्याच्या बाजारात मासे विकत आलेली. ती म्हणाली, "पोरी एकल्या कशा जातील? मी येतंय." त्यामुळे चिंता मिटली. तो शेवटून दुसऱ्या बाकावरचा मुलगाही होता. त्याच्या आईने त्याला धुतलेला शर्ट आणि वीस रुपये दिले होते.

जानेवारीतला रविवार. सकाळी साडेआठला आम्ही बसने पूल ओलांडला. पुलावरून मी मुलांना दाखवलं, "बघा, खाडीच्या त्या अंगाला ते राहतात, ज्यांची चित्रं आपण बघणार आहोत." एका मुलीने विचारलं, "मग बाई, आपण मुंबईला कशाला चाललोय? त्यांच्या घरीच जाऊ या की!" सगळी बस हसली. प्रश्न मात्र काही चुकीचा नव्हता. चित्रकार खाडीपलीकडे, दहा-पंधरा मिनिटांवर, आणि चित्रं बघायला जायचं दीड-दोन तासांच्या अंतरावर!

ठाणे स्टेशनात मुलांना सांगितलं, की आपल्या देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघून इथेच, ठाण्यालाच आली होती. पण मुलांचं लक्ष कुठे? रविवार म्हणजे मेगाब्लॉक. धीमी लोकल मिळाली, तीही तुडुंब. आजीने डब्यात शिरताच आपल्या आवाजाने तीन जागा मिळवल्या आणि त्यांवर सहा मुलं बसवली.

सीएसएमटीला उतरून चालत निघालो. हुतात्मा चौक, मग काळा घोडा. इथे एक काळा, स्वार नसलेला घोडा उभा आहे. मुलांनी विचारलं, वर बसणारा कुठे गेला? त्याचीही एक गोष्ट आहे. इथे पूर्वी इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा घोड्यावर बसलेला पुतळा होता. त्यावरूनच या भागाला काळा घोडा नाव पडलं. १९६५ साली तो पुतळा इथून हलवला. नाव तसंच राहिलं, घोडा गेला! मग २०१७ साली हा नवा घोडा बसवला, पण राजाशिवाय. आणि जुना घोडा कुठे नेला असेल? राणीच्या बागेत! हे ऐकल्यावर राणीच्या बागेचा आग्रह धरणाऱ्या वडिलांचा मुलगा खट्टू झाला आणि लगेच म्हणाला, "बघा, मी सांगत होतो."

प्रदर्शन होतं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. रीगल सिनेमासमोरच्या चौकात ही दगडी, रुबाबदार इमारत आहे. १९११ साली ती बांधली ती सर कावसजी जहांगीर सभागृह म्हणून. गेटवे ऑफ इंडिया ज्यांनी आखला त्या जॉर्ज विटेट यांनीच हीही आखली. तिथे सभा होत, गाण्याच्या मैफली होत. पुढे बरीच वर्षं खपून आतून तिचं रूप बदललं आणि १९९६ साली तिथे चित्रांचं संग्रहालय सुरू झालं. आत शिरलं की जिने चढत चढत गोल फिरत वर जायचं आणि सगळ्यांत वर येतो घुमट. मुलांना आधी चित्रांपेक्षा जिनेच आवडले, हे कबूल करायला हवं.

आत जाण्यापूर्वी मी मुलांना एकच काम दिलं होतं. वहीत माहिती उतरवून घ्यायची नाही. ज्या चित्रात आपल्याला जाऊन उभं राहता येईल असं वाटतं, असं एक चित्र शोधायचं आणि मला सांगायचं, आपण त्यात कुठे उभे आहोत. बस, एवढंच.

आता या चित्रकारांविषयी थोडं सांगते. सुधीर पटवर्धनांचा जन्म १९४९ सालचा, पुण्याचा. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून १९७२ साली ते डॉक्टर झाले. चित्रकलेच्या कॉलेजात ते गेले नाहीत, चित्रं स्वतःच शिकले. पुढे मुंबईला आले आणि १९७५पासून तीस वर्षं त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम केलं. क्ष-किरण म्हणजे आपला एक्स-रे. हात मोडला की डॉक्टर जो काळा-पांढरा फोटो उजेडात धरून बघतात ना, तो. दिवसा लोकांची हाडं बघायची आणि उरलेल्या वेळात त्यांची चित्रं काढायची! २००५ साली त्यांनी डॉक्टरी थांबवली आणि पूर्ण वेळ चित्रकलेला दिला. त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन १९७९ साली दिल्लीत झालं होतं. आम्ही पाहिलं ते जवळजवळ पन्नास वर्षांच्या कामाचं प्रदर्शन होतं. त्याची मांडणी नॅन्सी अदाजानिया यांनी केली होती.

आणि ते काढतात काय? इराण्याच्या हॉटेलात बसलेला माणूस. लोकल गाडीतले प्रवासी. रेल्वेचा पूल, कामगार, नाल्याकाठची वस्ती. ठाण्याचा पोखरण भाग, उल्हासनगर, लोअर परळ. म्हणजे आपण जिथून रोज जातो आणि जिथे कधी थांबून बघत नाही, त्या जागा. एक गोष्ट माझ्या लक्षात आली. त्यांची माणसं सडपातळ, देखणी, नटूनथटून बसलेली नसतात. ती अंगाने भरीव असतात, पाय जमिनीवर घट्ट टेकवून उभी असतात. त्यांना काम करून आलेला थकवा असतो, पण ती केविलवाणी मात्र दिसत नाहीत. एक्स-रे बघणाऱ्या माणसाला शरीराचं वजन आतून कळत असावं, असं मला आपलं वाटलं. चित्रकलेतलं मला फारसं कळत नाही, तेव्हा माझं म्हणणं चुकतही असेल.

पहिल्या दहा मिनिटांत मुलं भराभर चालत होती, जणू रेसच आहे. मग एका ठिकाणी सगळी थबकली. गाडीच्या डब्यातल्या माणसांचं चित्र होतं. "बाई, आपण आत्ता असेच आलो!" एक मुलगी ओरडली. आणि मग काय, प्रत्येकाने आपली जागा धरली. कुणी दारात, कुणी खिडकीशी. "हा बघ, ह्यो तं झोपलाय." रखवालदार काकांनी दोनदा सांगितलं, रेघेच्या मागे उभे राहा, हात लावू नका. तिसऱ्यांदा ते जवळ आले तेव्हा मला वाटलं, आता बाहेर काढतात. पण त्यांनी हळूच विचारलं, "कुठली शाळा?" कशेली म्हटल्यावर म्हणाले, "लांबून आलात." आणि मग त्यांनी स्वतःच मुलांना वरच्या मजल्याचा जिना दाखवला.

आजी सगळ्यांच्या मागून, एक हात कमरेवर ठेवून येत होती. एका थकलेल्या माणसाच्या चित्रापाशी ती बराच वेळ उभी राहिली. मी जवळ गेले तर म्हणाली, "बाई, या मानसाचं पाय दुखतान." मी बघितलं. चित्रातला माणूस सरळ उभा होता. पण एका पायावरचा भार त्याने दुसऱ्यावर टाकला होता, अगदी थोडासा. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. चाळीस वर्षं टोपली घेऊन उभ्या राहिलेल्या बाईने ते एका नजरेत ओळखलं. मग ती त्या चित्रासमोरच जिन्याच्या पायरीवर बसली आणि पायांवरून हात फिरवत राहिली.

आणि आमचा तो मुलगा? तो एका मोठ्या, शहराच्या चित्रापुढे उभा होता. वरून दिसणारं शहर, घरांवर घरं, मधून जाणारे रस्ते, मुंगीसारखी माणसं. तो बोटाने हवेत काहीतरी करत होता. मी विचारलं, "तू कुठे उभा आहेस यात?"

तो म्हणाला, "मी नाही बाई. मी माणसं मोजतोय."

"कशाला?"

"एवढी माणसं काढायला त्यांना किती दिवस लागले असतील?"

मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळाने त्याने आणखी एक विचारलं, आवाज खाली आणून. "बाई, यांना कुणी 'क' नाही दिला?"

मुलांनो, मोठी माणसं चुकतात तेव्हा ती लगेच कबूल करत नाहीत. मी त्याला म्हटलं, "चल, सगळे पुढे गेले." एवढंच. आज मी हे लिहिते आहे, पण तेव्हा बोलले नाही.

बाहेर येऊन फुटपाथवर झाडाच्या सावलीत डबे उघडले. आजीने तांदळाची भाकरी आणि सुकट आणलं होतं. तिच्या सुकटाचा वास काळ्या घोड्यापर्यंत गेला असावा. मग जवळच्या जहांगीर कलादालनात गेलो. हे १९५२ साली सुरू झालेलं कलादालन. तिथे चित्रं बघायला पैसे पडत नाहीत आणि दारासमोरच्या फुटपाथवरही चित्रकार आपली चित्रं मांडून बसतात. एका चित्रकाराने आमच्यातल्या एका मुलीचा चेहरा पाच मिनिटांत पेन्सिलीने उतरवला आणि पैसे घेतले नाहीत. ती घरी जाईपर्यंत तो कागद छातीशी धरून होती.

जहांगीरच्या जिन्यापाशी मी मुलांना आपल्याच जिल्ह्यातल्या आणखी एका चित्रकाराची गोष्ट सांगितली. पालघर जिल्हा २०१४ साली वेगळा झाला. त्याआधी डहाणू ठाणे जिल्ह्यातच होतं. तिथल्या गंजाड गावचे जिव्या सोमा म्हसे. वारली लोकांत लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. ते काम बायकांचं. पण जिव्या म्हसे लग्न असो नसो, रोज काढू लागले. बांबूची काडी आणि तांदळाचं पीठ, एवढंच सामान. हस्तकलेचं काम बघणारे भास्कर कुलकर्णी गावात आले, त्यांनी कागद दिले. आणि १९७५ साली याच जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर तेव्हा असलेल्या केमोल्ड या दालनात त्या चित्रांचं प्रदर्शन झालं. भात लावणारी माणसं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरणारे लोक, माशांचं जाळं. जाळ्याचं चित्र तर असं, की बारीक बारीक रेघांनी सगळा कागद विणून काढलेला! २००३ साली जर्मनीत रिचर्ड लाँग या इंग्रज कलाकाराबरोबर त्यांचं प्रदर्शन झालं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले. जाळ्याचं ऐकून आजी म्हणाली, "आमचे बापानी जन्मभर जाळी इनली, त्याला कोन बोलला नाय चित्र काढलंस म्हनून."

येताना गाडीत निम्मी मुलं झोपली. पुलावर आलो तेव्हा अंधार पडला होता. गोदामांचे पिवळे दिवे खाडीच्या पाण्यात पडले होते. ते सुंदर दिसत होते. मी रोज त्याच रस्त्याने जाते, पण हे मनात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात मी वर्गात मोबाइलवर पटवर्धनांचं 'लोअर परळ' दाखवलं. हे २००१ सालचं चित्र. लोअर परळ म्हणजे मुंबईचं गिरणगाव. १९८२ सालच्या जानेवारीत गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि त्या जागी उंच इमारती आल्या. त्या बदलत्या भागाचं हे चित्र. आणि तिथलं कापड विणायचं काम बरंचसं कुठे आलं? आपल्या भिवंडीच्या यंत्रमागांवर! हे सांगताच वर्गात एकदम आवाज झाला, कारण तीन-चार मुलांच्या घरचे लोक मागावर कामाला होते. तेव्हा मी फळ्यावर लिहिलं, 'खिडकीतून दिसतं ते'. मार्चमध्ये आपल्या शाळेचं प्रदर्शन भरवायचं, त्याचं हे नाव. सगळ्यांनी एकेक चित्र काढायचं. डोंगर-सूर्य काढायला मनाई नाही, पण तो कुणाच्या खिडकीतून दिसतो ते दाखवायचं.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. मार्च २०२० आला आणि करोनामुळे शाळा बंद झाल्या. चित्रं कपाटात राहिली. गोदामांतली कामं थांबली आणि कितीतरी कुटुंबं आपापल्या गावी गेली. त्या मुलाचं कुटुंबही गेलं. पुढे त्याचे वडील एकटेच परतले आणि पुन्हा गाडी चालवू लागले. मुलगा गावाकडे आजीपाशीच राहिला, तिथल्या शाळेत जाऊ लागला. त्याने जाताना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशीच राहून गेलं.

मधल्या काळात मी वाचत राहिले. तेव्हा कळलं, की पटवर्धनांनी २००८-०९ साली 'विस्तारणारी क्षितिजे' नावाचं एक फिरतं प्रदर्शन मांडलं होतं. आजच्या भारतीय चित्रकारांची अस्सल चित्रं घेऊन ते महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या शहरांत गेलं होतं, म्हणजे मुंबईबाहेरच्या लोकांना ती आपल्या गावात बघता यावीत. त्या वेळी मी डी.एड. करत होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता! आमच्या मुलीने बसमध्ये विचारलेला प्रश्न त्यांनाही पडला असणार. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावच्या प्रभाकर पाचपुतेंविषयीही वाचलं. त्यांच्या घरची माणसं कोळशाच्या खाणीत कामाला होती आणि ते चित्रं काढतात तीही कोळशानेच! कधी कधी थेट प्रदर्शनाच्या भिंतीवर. प्रदर्शन संपलं की भिंत पुसून टाकतात. मुलांना ही गोष्ट फार आवडते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या भिंतीवर कोळसा दिसतो, तो भाग वेगळा.

शेवटी आमचं प्रदर्शन भरलं ते २६ जानेवारी २०२३ला. झेंडावंदनानंतर व्हरांड्यात दोऱ्या बांधल्या आणि कपड्यांचे चिमटे लावून चित्रं टांगली. सहलीला आलेली मुलं तोवर आठवीत गेली होती, तीही मदतीला आली. मागाची खोली होती, मेट्रोचे खांब होते, भरतीच्या पाण्यात बुडालेली पायवाट होती. एका मुलीने नुसती समोरच्या इमारतीची भिंत काढली होती, कारण तिच्या खिडकीतून तेवढंच दिसतं. ती राखाडी भिंत मला फार आवडली. आजीही आली. प्रत्येक चित्रापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि जिथे आपण टोपली घेऊन बसत होतो ती जागा दोन चित्रांत शोधून काढली.

सगळ्यांत पहिल्या चिमट्याला मी त्या मुलाचं चित्र लावलं होतं. कपाटात जपून ठेवलेलं. कोपऱ्यातला लाल 'क' खोडता आला नव्हता. कागद फाटला असता.

दहाच्या सुमारास त्याचे वडील आले. टपरीवाल्याने निरोप दिला असावा. चपला बाहेर काढून ते व्हरांड्यात आले आणि पहिल्याच चित्रापाशी थांबले. खूप वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी त्या कंटेनरच्या पाठीवरच्या आकड्यांवर बोट ठेवलं, जिथे मी लाल रेघ ओढली होती.

"बाई, हा माझ्या गाडीचा नंबर."

मी बघतच राहिले. तीन वर्षं ते चित्र माझ्या कपाटात होतं.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला. मुलाला गावाकडे फोटो पाठवायचा होता. मी म्हटलं, "जरा थांबा. तो कोपरा हाताने झाकते, मग काढा."

ते म्हणाले, "राहू द्या, बाई. त्याला ओळख पटायला पाहिजे, कोणतं चित्र ते." आणि त्यांनी कोपऱ्यासकट फोटो काढला.